दादा – खाली

माझा धाकटा भाऊ मधू यवतमाळच्या एका बँड पार्टीत सत्तावीस वर्षे क्लॅरिनेट वाजवत होता. मी ते एकदाही ऐकले नाही. गेल्या श्रावणात तो हृदयविकाराने गेला. या फाल्गुनात मी सहा दिवस यवतमाळ जिल्ह्यात हिंडून आलो, ते त्याचे वाजवणे कुठे ऐकायला मिळते का हे पाहायला. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांना या लिखाणातून तिथली देवळे, घाट किंवा उतरण्याची ठिकाणे कळणार नाहीत. मी निराळेच काही शोधत होतो आणि ते मिळालेही नाही. तरी जे पाहिले ते लिहून ठेवतो. लिहून ठेवण्याखेरीज मला दुसरे काही येत नाही.

आमचे घर नोकरीपेशाचे. वडील यवतमाळच्या कचेरीत कारकून होते. घरात मान होता तो चांगल्या हस्ताक्षराला आणि वेळेवर दिलेल्या अर्जाला. त्या घरातला मुलगा सोनेरी झालरीचा लाल कोट घालून लोकांच्या वरातीपुढे चालू लागला, तेव्हा वडिलांनी त्याच्याशी बोलणे सोडले नाही. त्या विषयावर बोलणे तेवढे सोडले. मी शिकून पुण्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो आणि तिथेच राहिलो. चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा मधूचा फोन आला. ‘दादा, आमची पार्टी घेऊन येतो. पोरीच्या लग्नात काकानं नाही वाजवावं त कोनी वाजवावं?’ मी म्हणालो, इकडे वराती काढत नाहीत. तू काका म्हणून ये, क्लॅरिनेट आणू नकोस. तो ‘हो’ म्हणाला. आला, पांढरा सदरा घालून हॉलमध्ये मागच्या रांगेत बसला. सनईची कॅसेट लावलेली होती. तो ती मन लावून ऐकत होता. जेवला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

यवतमाळ

बाबाराव हे त्या पार्टीचे ढोलवाले आणि आता मालकही. साठीचे, रुंद, एका कानाने कमी ऐकणारे. तो कान ढोलाकडचा. त्यांच्या घरी पोचलो तेव्हा सकाळचे पोहे चालले होते. इथले पोहे आणि पुण्याचे पोहे यांचे नाव तेवढे एक आहे. इथे पोह्यांवर तिखट रश्शाची तर्री ओततात आणि खाताना घाम पुसतात. लहानपणी मी हेच खात होतो. आता दोन घासांत ठसका लागला.

‘सवय गेली वाटते तुमची,’ बाबाराव म्हणाले. ‘मधूभाऊ दोन पलेटी खाऊन मंग क्लॅरनेट तोंडाले लावे. म्हने, तिखटानं सूर साफ होते.’

मी त्यांना माझे काम सांगितले. मला मधूचे वाजवणे एकदा ऐकायचे आहे. कॅसेट, टेप, काहीही चालेल. ते उठले आणि शेजारच्या घरातून लग्नाच्या व्हिडिओची सीडी घेऊन आले. टीव्हीवर वरात दिसू लागली. बाबाराव ढोल घेऊन, त्यांच्या पुढे मधू. गाल फुगलेले, भुवया वर गेलेल्या, बोटे चाललेली. आवाज मात्र कुठल्याशा सिनेमातल्या बाईच्या गाण्याचा.

‘शूटिंगवाले वरून गाने टाकतेत,’ बाबाराव म्हणाले. ‘बँडचा आवाज काढून टाकतेत. म्हनतेत, कचकच होते.’

‘सगळ्याच लग्नांत?’

‘सगळ्याच. पाचपन्नास सीड्या असतील तुमच्या भावाच्या. एकातबी आवाज नाही.’

मी ती सीडी शेवटपर्यंत पाहिली. मधूची बोटे कोणत्या सुरावर आहेत हे कळण्याइतके संगीत मला येत नाही.

निघताना बाबारावांनी मला शाळकरी मुलांची असते तशी एक वही दिली. मधूच्या कोटाच्या खिशात सापडली होती. ‘आमची पार्टी बाकीच्या बँडवानी नाही वाजत,’ ते म्हणाले. ‘लोक इचारतेत, हे कुठून आनलं? त मधूभाऊनं लिहून ठेवलं कुठून आनलं थे.’ वहीचे पहिलेच पान लिहिलेले होते, बाकी कोरी. अक्षर वडिलांसारखे, वळणदार.

आवडती गाणी.
१. गंगायाडीची लेंगी, पुसद. (आवाज इथून.)
२. लेतूबाबाचा ढोल, झरी. (पाय इथून.)
३. जिनिंगचा पट्टा, राळेगाव. (दम इथून.)
४. दादा – खाली.

चौथी ओळ वाचून मी पानाच्या खालच्या भागाकडे पाहिले. तिथे काही नव्हते. पान उलटले. तेही कोरे. ग्रंथालयात आम्ही कार्डांवर असेच लिहितो: अमुक नाव, पुढे ‘खाली पाहा’ किंवा ‘तमुक पाहा’. वाचक पुढच्या कार्डाकडे जातो आणि ते कार्ड गहाळ असते. मधूला माझ्याविषयी खाली काही लिहायचे होते आणि ते राहून गेले, असे मी समजलो.

‘हे काय आहे?’ मी बाबारावांना विचारले.

त्यांनी वही लांब धरून वाचली. मग माझ्याकडे पाहिले. ‘थे गाऊन नाही सांगता येत,’ म्हणाले. ‘शनिवारी राळेगावले लग्न हाय आपल्याकडं. तिथं या. तवरोक बाकीचे तीन पाहून घ्या.’

पुसद

पुसदच्या रस्त्याने दोन्हीकडे वेचणी संपलेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. काळ्या जमिनीत काळ्या काड्या आणि एखाद्या बोंडाला चिकटून राहिलेला मळका कापूस. ही कापसाची वाईट वर्षे. गाडीत माझ्या शेजारी बसलेल्या दोघांचे बोलणे तासभर कर्जापायी कोणाच्या घरातले कोण जिवानिशी गेले याचेच होते. एक जण म्हणाला, ‘आता आमच्या गावात लग्नाची पत्रिका आली का आधी पाहा लागते, कोनाच्या घरासमोरून जाते वरात.’ मला ते तेव्हा समजले नाही.

गंगाबाईंचा तांडा पुसदपासून अर्ध्या तासावर. बंजारा समाजात होळीच्या दिवसांत लेंगी गातात. एक जणी ओळ उचलते, बाकीच्या मागून झेलतात, डफ वाजत असतो. होळी चार दिवसांवर होती आणि तांड्यात शांतता होती. गंगाबाई अंगणात धान्य निवडत बसल्या होत्या. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. गावातले लोक त्यांना याडी म्हणतात, म्हणजे आई. मधूचे नाव सांगताच त्या हसल्या.

‘थो बकरीवाला?’

‘बकरीवाला?’

‘पयल्यांदा आलता तांड्यावर लग्नात, तवा पोरगाच होता. म्या म्हनलं, बापू, तुह्यं भोंगं बकरीवानी ओरडते. गालातून काहून काढतं? गळ्यातून काढ. त बसला ना इथंच तीन दिवस. पार्टी निंघून गेली, हा बसला.’

मी त्यांना गाण्याची विनंती केली. त्यांनी सूप बाजूला ठेवले, पदर सारखा केला आणि एक ओळ म्हटली. ती ओळ मला वर्णन करता येणार नाही. एवढेच सांगतो, की सुरुवातीला आवाज लागतच नाही असे वाटते, जणू बाईंना विसर पडला. आणि मग तो एकदम, फुटलेला, उशिरा येतो. त्या उशिरासाठी ऐकणारा पुढे झुकतो. मीही झुकलो. ओळ संपली आणि त्या थांबल्या.

‘पुढे?’ मी म्हणालो.

‘पुढं मागच्याईनं म्हनाव लागते. लेंगी एकटीची नाही राहत. मागच्या सगळ्या ऊसतोडीले गेल्या तिकडं, तुमच्याकडं. होळीले येतो म्हनत होत्या. आता कायच्या येतेत?’

त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडले नाही. ज्वारीची भाकर, ठेचा आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी. वाढताना म्हणाल्या, ‘तुमी भाऊ म्हनता त्याचे. तुमाले वाजोता येते का काही?’

‘नाही.’

‘मंग आयकत त असान.’

मी भाकर मोडून ठेच्याला लावली.

दुसऱ्या दिवशी पुसदच्या स्टँडवर माझी फजिती झाली. झरीला जायचे तर आधी पांढरकवडा गाठावे लागते, आणि पांढरकवड्याच्या गाडीत शिरायला जागा नव्हती. कंडक्टर म्हणाला, ‘कायले मरता याच्यात? मागची गाडी खाली हाय, थिच्यात बसा.’ स्टँडच्या मागे उतार आहे. मी पिशवी घेऊन उतरून गेलो. खाली पाण्याची टाकी होती, दोन म्हशी होत्या, गाडी नव्हती. तिथे मी बराच वेळ उभा राहिलो. वर आलो तेव्हा मागची गाडीही निघून गेली होती. चहावाल्याने सगळे पाहिले होते.

‘साहेब, खाली म्हनजे रिकामी. तुमी टाकीपाशी काय करत होते?’

‘मला वाटलं, खाली उभी आहे.’

‘कुठले तुमी?’

‘यवतमाळचाच.’

‘वाटत नाही,’ तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

‘डबा खाली झाला’, ‘खाली हातानं आलो’ हे शब्द आमच्या घरात रोज होते. तीस वर्षे मी ‘रिकामा’ म्हणत राहिलो आणि माझ्या कानातून माझे गाव केव्हा निघून गेले ते मला कळले नाही. पुढची गाडी दोन तासांनी मिळाली. खिडकीशी बसल्यावर वही काढली. दादा – खाली. आता ती ओळ वेगळी दिसत होती. त्यात कसलीही खूण नव्हती, कुठे पाहायला सांगितलेले नव्हते. दादा – रिकामा. मधू कधी कोणाला वाकडे बोलला नाही. पण वही तर स्वतःसाठी असते, तिथे माणूस खरे लिहितो. पांढरकवडा येईपर्यंत मी वही पुन्हा उघडली नाही.

झरी जामणी

झरीकडे जाताना जंगल लागते आणि कापूस कमी होतो. पळस फुलले होते. मोहाची फुले गळायला लागली होती आणि बायका पहाटेपासून झाडाखालची जागा झाडून टोपल्या घेऊन बसल्या होत्या. हवेला आंबूस गोड वास. मनात एवढे काही नसते तर मला तो मुलूख आवडला असता.

कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. लेतूबाबांचा पोड मुख्य रस्त्यापासून पायी तासाभराचा आहे. लेतूबाबा वनखात्याच्या कामावर जात. आता वय झाल्याने घरीच असतात. ते आपसात कोलामी बोलतात, माझ्याशी मोडक्या वऱ्हाडीत बोलले. त्यांचा ढोल आढ्याला टांगलेला होता. मी मधूचे नाव घेतले. त्यांनी मान हलवली, उठून ढोल काढला, त्याचे एक तोंड चुलीपाशी धरून शेकले आणि वाजवायला लागले.

ढेमसा हा त्यांचा नाच. रांग करून, एकमेकांचे हात धरून गोल फिरायचे. ढोलाचा ठोका जिथे पडेल असे वाटते तिथे पडत नाही. पाऊल उचलल्यावर, हवेत असताना पडतो. मधूने ‘पाय इथून’ का लिहिले ते ऐकताच कळले. बाबारावांचा ढोलही तसाच असणार.

‘तुमचा भाऊ इथं लय राहे,’ लेतूबाबा म्हणाले. ‘उन्हाळ्याचे लग्नं सरले का येई. नाचता नाही येत होतं त्याले. पाय तुडवे लोकाईचे. पोरी हासत.’

मी विचारले, मधू तुमच्याकडून ढोलाशिवाय आणखी काही शिकला का? खरे तर मला वहीतल्या त्या शब्दाचे विचारायचे होते आणि धीर होत नव्हता.

त्यांनी रांगेच्या जागेकडे, म्हणजे अंगणातल्या तुडवून टणक झालेल्या गोलाकडे हात केला. ‘माही बाई गेली त्या सालची गोष्ट. नाच होता. लोक म्हनाले, या. म्या रांगेत उभा राह्यलो. बाजूले थे राहे नाचाले. थिच्या जागेवर दुसरी बाई येऊन राह्यली होती हात धराले. म्या म्हनलो, नाही. थे जागा खाली हाय. त कोनी हात नाही धरला. रांग फिरली तशीच, मधात तुटलेली. ढोल चालू.’ त्यांनी बोटांनी ढोलावर हळू ठोके दिले. ‘तुमचा भाऊ तिथं बसला होता, झाडापाशी. मंग इचारत होता, बाबा, जागा कवरोक खाली ठेवान? म्या म्हनलो, मी नाचतो तवरोक.’

‘मग?’

‘मंग काय. मी त आता नाचत नाही.’

त्यांच्या सुनेने ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी दिली. मी जेवलो. परत रस्त्यापर्यंत चालताना मी त्या ओळीचा तिसऱ्यांदा अर्थ लावत होतो. खाली म्हणजे ठेवलेली जागा. पण ती तर गेलेल्या माणसासाठी. मी जिवंत होतो.

राळेगाव

शनिवारी सकाळी राळेगावला उतरलो तेव्हा बाबाराव स्टँडवर उभे होते. पार्टी ट्रकने पुढे गेली होती. ‘वरात चार वाजता. तवरोक तुमचं तीन नंबरचं गानं पाहून घेऊ,’ म्हणाले आणि मला गावाबाहेरच्या जिनिंगवर घेऊन गेले. कापसातून सरकी वेगळी करायचा हा कारखाना दोन हंगामांपासून बंद होता. चौकीदाराने ओळखीने आत सोडले. छपराला कापसाचा धुरळा अजून लटकत होता. ज्या लांब पट्ट्यावर यंत्रे चालत तो काढून, सापासारखा गुंडाळून कोपऱ्यात ठेवला होता.

‘पट्ट्याले जिथं सांधा हाय ना,’ बाबाराव म्हणाले, ‘थो चाकावरून गेला का टप वाजे. मंग परत फिरून येईपर्यंत काही नाही. मधूभाऊ इथं बसून दम मोजे. एका टपपासून दुसऱ्या टपपर्यंत एका दमात वाजोनार. दुसऱ्या कोनाले नाही जमलं थे.’

चौकीदाराने मला ऐकवण्यासाठी तळहातावर तळहात मारला. टप. मग आम्ही तिघे वाट पाहत उभे राहिलो. त्याने पुन्हा मारला, पण बराच आधी. ‘एवढा वेळ नाही धरल्या जात,’ तो म्हणाला.

जिनिंगच्या ओट्यावर बसून मी बाबारावांना लेतूबाबांची हकीकत सांगितली आणि विचारले, ‘मधूनं ते बँडमध्ये आणलं का?’

‘आनलं ना.’ त्यांनी तंबाखू मळायला घेतली. ‘पयले एका गावात. वरात चालली होती अन मधात असं घर होतं का तिथला मानूस महिन्यापूर्वी गेला होता. दारात बाई उभी. आमी वाजोत चाललो. मधूभाऊनं क्लॅरनेट खाली घेतलं. हातानं सगळ्याईले थांबोलं, मले म्हने, ढोल चालू ठेव. त घर मागं पडेपर्यंत नुसता ढोल. सूर नाही. मंग परत उचललं. तवापासून आपल्या पार्टीचा कायदाच झाला. असं दार आलं का खाली.’

‘आणि लोक?’

‘लोकाईले पयले समजलं नाही. मंग समजलं. थे दारातले लोक हात जोडत. मंग जी, दारं वाढत गेले. एका गल्लीत एक, मंग दोन, मंग तीन. काही गावात त अशी पाळी आली का वरात निंघाली थे मांडवापर्यंत नुसती ढोलावर. नागपूरकडच्या पावन्याईले वाटे, ही याईची ष्टाईल हाय. म्हनत, थे थांबनारं वाजवा न भाऊ, झकास वाटते. दुसऱ्या पार्ट्याईनं बी उचललं. थे कुठंबी थांबतेत.’

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. मी वहीतली चौथी ओळ त्यांच्यापुढे धरली.

‘हे मांडवाच्या दाराचं गानं,’ ते म्हणाले. ‘नवरदेव दाराशी आला का मधूभाऊ वाजोत असे. सिनेमातलं नाही. तुमी लहानपनी धडा मोठ्यानं वाचत होते म्हने. इतिहासाचा. हा बाजूले पडून आयके. त्या वाचन्याची चाल. वर जाते, वर जाते, अन पूर्णविरामाले खाली बसते. लय गोड. त्याले आमी दादाच म्हनो. “दादा लावा रे,” असं.’

धडा मी मोठ्याने वाचत असे हे खरे. त्याला चाल होती हे मला माहीत नव्हते.

‘चार सालापूर्वी पुन्याहून लग्नाहून आला,’ बाबाराव जमिनीकडे पाहत म्हणाले. ‘पुढच्या वरातीत दादा लावलं, अन तिसऱ्या ओळीले यानं क्लॅरनेट तोंडातून काढलं. एक अख्खं आवर्तन खाली. मंग परत सुरू. आमाले धस्स झालं. म्या इचारलं, मधूभाऊ, कोन गेलं? म्हने, कोनी नाही. दादा बरा हाय पुन्यात. म्या म्हनलो, मंग खाली काहून? त म्हने, थो आयकत नाही ना. त्याची जागा हाय थे.’

जिनिंगच्या आवारात एक कुत्रे झोपले होते. ते उठून सावलीत गेले. बाबाराव म्हणाले, ‘तवापासून दर लग्नात. रागानं नाही जी. रागानं असतं त गानंच नसतं वाजोलं.’

चारला वरात निघाली. नवा क्लॅरिनेटवाला वर्धेकडचा, तिशीतला, तयारीचा माणूस. त्याने सिनेमाची गाणी वाजवली, पोरे नाचली. दुसऱ्याच वळणावर बाबारावांनी काठी वर केली. सूर थांबले, ढोल तेवढा चालू राहिला. डाव्या हाताला एक हिरवे दार होते, दारात एक म्हातारा. त्याने हात जोडले. नाचणारी गावातली पोरे तिथे आपोआप बाजूला झाली आणि खाली पाहून चालू लागली. दार मागे पडले, गाणे जिथे तुटले तिथून उचलले गेले. पुढच्या गल्लीत तसेच दार. तिच्यापुढच्या गल्लीत क्लॅरिनेट ओठाला लागलेच नाही. त्या गल्लीत एवढी माणसे चालत असताना मला चपलांचा आवाज ऐकू येत होता.

मांडवाच्या दारात बाबारावांनी मला खुणेने जवळ बोलावले. ‘दादा लावा,’ ते म्हणाले.

नव्या माणसाने सुरुवात केली. मी कान देऊन ऐकले. चाल वर जात होती, पण तो प्रत्येक सुराला सिनेमातल्यासारखी लाडीक मुरड घालत होता आणि मधे दोनदा दम घेत होता. त्यात मला मधू सापडला नाही आणि मीही सापडलो नाही. पण मी तिसऱ्या ओळीची वाट पाहत होतो. सकाळपासून माझ्या मनात एकच होते. सूर कोणाचेही असोत. जिथे वाजवायचे नाही ती जागा मधूने ठेवली तशीच असणार. त्यात कोणाला मुरड घालता येणार नाही, त्यावर कोणाला सिनेमातले गाणे टाकता येणार नाही. मधूने वाजवलेले जसेच्या तसे उरले असेल तर तेवढेच, आणि ते माझ्यासाठी होते.

तिसरी ओळ आली. क्लॅरिनेट खाली गेले. आणि नवरदेवाकडची नागपूरची पोरे, ज्यांना हे थांबणे स्टाईल म्हणून पाठ होते, त्यांनी त्या जागेत एकदम शिट्ट्या मारल्या, आरोळी ठोकली, कोणी फटाक्यांची माळ लावली. ढोलही ऐकू आला नाही. सूर परत सुरू झाले तेव्हा मंडळी आत शिरत होती.

पंगत बसली. पाटवडीचा रस्सा होता, माझ्या आईच्या हातासारखा. मी पानावर बसून उठलो. बाहेर रस्त्यावर उन्हे कलली होती, फटाक्यांचे लाल कागद पडले होते. बाबाराव ढोल गळ्यात तसाच ठेवून माझ्याकडे आले.

‘पोट्ट्याईनं घान केली,’ म्हणाले. ‘म्या म्हनाव कसं त्याईले? लग्न हाय त्याईचं.’

‘पुन्हा वाजवता येईल का? फक्त तेवढंच?’

‘दादा एका लग्नात एकदाच लावतेत.’ त्यांनी गळ्यातला ढोल सारखा केला. ‘पन थे खाली तुमचीच हाय. या इकडं.’

ते मांडवाच्या मागे, कडुनिंबाखाली उभे राहिले, डोळे मिटले आणि एक आवर्तन ढोल वाजवला. सुरांशिवाय. पाऊल हवेत असताना पडणारे ते ठोके मी अगदी स्पष्ट ऐकले. पण त्याच्या आधी गाणे नव्हते आणि नंतरही नव्हते. कोणी वाजवता वाजवता थांबलेले नव्हते. मला ढोलाचे ठोके ऐकू आले आणि त्यांच्यामध्ये कसलीही जागा ऐकू आली नाही. मी मधूसाठी फार प्रयत्न केला.

बाबारावांनी हात ढोलावर ठेवून त्याचा नाद बंद केला. त्यांच्या कपाळावर घाम होता. बरा कान माझ्याकडे करून त्यांनी विचारले, ‘आयकू आलं ना, दादा?’

मी ‘हो’ म्हणालो.